मातकट जांभळा आणि सपाट बुडाची बरणी

तुझा प्रश्न सकाळी वाचला, मग दुकानात जाऊन आलो, दुपारी परत वाचला आणि फोटो झूम करून बघितले, आता लिहायला बसलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ही मुलगी वेंगुर्ल्याकडची, बारावीनंतर आर्टच्या फाउंडेशनला गेली, चार महिन्यांत सात प्रोजेक्ट झाले, त्यातला कलर व्हील मातकट आला, काळ्या-पांढऱ्याची स्केल (पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा ग्रे चौकोन) तीनदा रिपीट करायला लावली, स्टिल लाइफला, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्राला, "सॉलिड वाटत नाही" एवढाच शेरा, डिझाइनच्या शीटवर "ओरिजिनल काय आहे?" असं लिहून आलं, आणि कागदाचं मॉडेल सबमिशनच्या दिवशी बसमध्येच चेपून बसलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंग परीक्षांना ए ग्रेड होती, त्यामुळे जास्त लागलंय. वर आजी म्हणाली, "चौकोन रंगवूक येवढे पैशे?" आता विचारतेय की हे सोडून सरळ टॅबवर डिजिटल शिकू का.

अगं, सोडू नकोस. मी काही सगळ्यांना धीर देत फिरणारा माणूस नाही, माझ्याकडे आलेल्या दोन-तीन मुलांना मी स्वतः सांगितलंय की बाबा दुसरं काहीतरी बघ. पण तुझ्या फोटोत ज्या चुका दिसतायत त्या पहिल्या टर्मला सगळ्यांच्या होतात, मी ९३ साली केल्या, आणि प्रत्येकीला अगदी साधं कारण आहे. त्यातल्या निदान दोन तर तुझ्या हाताच्या नाहीतच, पावसाळ्याच्या आहेत.

आधी तो जांभळा. फोटोत कोपऱ्यात बाटल्या दिसतायत, व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरीन. बरोबर ना? सरांनी सांगितलं लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, तू प्रामाणिकपणे लाल आणि निळा घेतलास आणि आलं काय तर गुरांच्या गोठ्यातला रंग. आता बघ, बाटलीतला कुठलाच लाल हा नुसता लाल नसतो, तो एकतर पिवळ्याकडे झुकलेला असतो नाहीतर निळ्याकडे. मारुतीला लावतात तो शेंदूर आठव आणि आईने काढलेलं कोकमाचं आगळ आठव, दोन्हीला आपण लालच म्हणतो. व्हर्मिलियन शेंदराच्या बाजूचा, त्याच्या पोटात पिवळा आहे, आणि पिवळा म्हणजे कलर व्हीलवर जांभळ्याच्या अगदी समोरचा रंग, समोरासमोरचे रंग एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि मागे राखाडी-तपकिरी चिखल उरतो. तुला हवा होता आगळाच्या बाजूचा लाल, म्हणजे क्रिमझन. क्रिमझन अधिक अल्ट्रामरीन करून बघ, पिकल्या जांभळासारखा येतो. हिरव्याचंही तेच आहे, अल्ट्रामरीन स्वतः जरा लालाकडे झुकतो म्हणून त्याने हिरवा केलास की शेवाळी, मळका येतो, लेमन यलोत प्रशियन ब्लू अगदी टोकभर घातलास तर लावणीच्या दिवसातल्या भाताच्या तरव्यासारखा पोपटी येईल. (प्रशियन जपून, एक थेंब जास्त पडला की अख्खं पॅलेट गिळतो.) प्रत्येक मूळ रंगाच्या दोन-दोन बाटल्या ठेव, एक इकडे झुकणारी एक तिकडे, अशा सहा आणि वर पांढरा-काळा. वर्षभर नववी बाटली घेऊ नकोस. तयार जांभळा, तयार ऑरेंज तर अजिबात नको, ते घेतलं की हे कळायचा रस्ताच बंद.

आता ती स्केल. तीनदा रिपीट म्हणजे सरांचा राग नव्हे, ते सगळ्यांना लावतात. तू काय केलं असशील ते मी इथे बसून सांगतो. पहिल्या चौकोनात पांढरा, मग एक थेंब काळा, मग दोन, मग तीन, असं मोजून दहापर्यंत गेलीस, आणि झालं असं की दुसऱ्या-तिसऱ्या चौकोनातच एकदम मोठी उडी आली आणि सहापासून दहापर्यंत सगळे काळेच दिसायला लागले. कारण डोळा थेंब मोजत नाही, तो प्रमाण बघतो. पांढऱ्यात पडलेला एक थेंब काळा गहजब करतो, तोच थेंब आधीच काळपट असलेल्या रंगात पडला तर कोणाला पत्ताही लागत नाही. घरात अंधार असताना एक मेणबत्ती लावली तर केवढा उजेड, भर दुपारी लावली तर? तसंच. म्हणून थेंब मोजायचे सोडून दे. फालतू कार्ट्रिज कागदाच्या तुकड्यांवर वीस-पंचवीस वेगवेगळे ग्रे रंगव, सुकू दे, दोन-दोन इंचाचे तुकडे काप आणि पत्त्यासारखे जमिनीवर मांड. पहिला पांढरा, शेवटचा काळा, मग बरोबर मधला शोध, मग पांढरा आणि मधला यांच्यातला मधला, असं करत जा. डोळे बारीक करून बघायचं, जिथे दोन तुकड्यांमधली रेघ ठसठशीत दिसते तिथे उडी मोठी आहे. मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केलास तरी चालेल, फक्त फ्लॅश नको.

"सुकू दे" म्हणालो ते उगाच नाही. पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि सुकल्यावर दुसराच, फिक्के रंग सुकल्यावर जरा गडद होतात आणि गडद रंग जरा फिके पडतात. घाटावर पाच मिनिटांत सुकतं, आपल्याकडे जुलैत अर्धा तास झाला तरी बोटाला लागतं, मग तू ओल्या रंगाकडे बघून पुढचा रंग ठरवतेस आणि रात्री सगळं सुकल्यावर स्केल वाकडी. यात तुझा काय दोष? चाळीस वॅटच्या पिवळ्या बल्बखाली ठेव, जुन्या जमान्यातले ते बल्ब मिळत नसतील तर हेअर ड्रायर लांबून. कागदाचंही तसंच, ओली हवा प्यायलेला कागद मऊ पडतो, दोनदा खोडलं की रवाळ होतो आणि त्यावर रंग लावला की डाग उठतात, तुझ्या चौथ्या शीटवरचे ते ढग त्याचेच आहेत. कागद बोर्डावर चारी बाजूंनी गमटेपने ताणून घे, उरलेले मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली, रेघा काढायच्या त्या रफ कागदावर काढ आणि शीटवर ट्रेस कर म्हणजे खोडायची वेळ येत नाही. बाटलीवर बुरशी आली असेल तर वरचा थर काढून टाक आणि लवंगेच्या तेलाचा एकच थेंब घाल, जुने पेंटर हेच करायचे. वासही बरा येतो.

बरणीवर जरा वेळ घालवू या कारण ती मला जास्त महत्त्वाची वाटते. लोणच्याची बरणी, दोन आंबे, मागे निळा कपडा, ग्रुप छान लावलाय. शेडिंगही वाईट नाही, पण सर म्हणतात सॉलिड वाटत नाही आणि ते बरोबर आहेत. तोंड काढलंस लंबगोल, आणि बूड काढलंस सरळ रेघ. का? कारण तुला माहीत आहे की बरणी सपाट टेबलावर बसलीय. हे तू बघून काढलेलं नाहीस, माहीत आहे म्हणून काढलंस. आणि तोंडाच्या लंबगोलाला दोन्ही टोकांना माशाच्या तोंडासारखे कोपरे आलेत, लंबगोलाला कोपरा कधीच नसतो, कितीही चपटा झाला तरी टोकाला वळतोच.

तू समुद्राजवळ राहतेस म्हणून एक सांगतो, मुंबईच्या मुलांना हे दाखवायला मला टेबलावर खुर्ची चढवावी लागते. संध्याकाळी एक स्टीलचा पेला घेऊन किनाऱ्यावर जा. पाणी आणि आभाळ मिळतं ती रेघ म्हणजे तुझी आय लेव्हल, पुस्तकात कितीही आकृत्या असोत, एवढी सरळ आय लेव्हल दुसरीकडे कुठे दिसणार नाही. पेला एका डोळ्यासमोर धर आणि त्याचं तोंड त्या रेघेवर आण. गोल गायब, नुसती आडवी रेघ राहील. आता हळूहळू खाली ने, तोंड उघडत जाईल, आधी चिमटीएवढं, मग पानाएवढं, आणि कमरेजवळ आणलास की जवळजवळ पूर्ण गोल. म्हणजे रेघेपासून जेवढं खाली तेवढं गोल जास्त उघडं. मग बरणीचं बूड तोंडाच्या खाली आहे की वर? खाली. तर बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वाकडी पाहिजे, आणि तू काढलीस सरळ. एवढी एक रेघ बदल, शेडिंगला हात लावू नकोस, बरणी टेबलावर बसते की नाही बघ.

तिथेच उभी आहेस तर लोकांकडेही बघ. तुझ्याएवढ्या उंचीची माणसं जवळ असोत नाहीतर पार तिकडे रापण ओढत असोत, सगळ्यांचे डोळे त्या रेघेवरच येतात, लांबच्याचे पाय फक्त वर सरकतात. खाली वाळूत बसलीस की रेघ सगळ्यांच्या कमरेवर येते. तुझ्या मेमरी ड्रॉइंगमधली मासळी बाजाराची माणसं खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतायत ती याच कारणाने, लांबची माणसं लहान केलीस पण डोकी खाली आणलीस. सपाट वाळूवर उभ्या माणसाला ती रेघ साधारण पावणेपाच किलोमीटरवर असते म्हणे हिशोबाने, चित्राला त्याचा उपयोग शून्य, पण मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली होती कारण तोपर्यंत मला वाटायचं तिथे मस्कत असेल.

डिझाइनच्या शीटबद्दल थोडं टोचेल असं बोलणार आहे. ते मंडल तू पिंटरेस्टवरून घेतलंस. मला ओळखता येतं, तुझ्या सरांनाही आलं. चोरी केलीस म्हणून ओरडत नाहीये, कॉपी करून सगळेच शिकले, पण त्या प्रोजेक्टमध्ये विचारलं काय होतं? वर्तुळात एक आकार पुन्हा पुन्हा मांडायचा होता आणि मधली रिकामी जागा सांभाळायची होती. मंडलात ते प्रश्न दुसऱ्याने आधीच सोडवलेले होते, तू फक्त रंग भरलास. आता तुझ्या घरापासून सावंतवाडी किती लांब आहे सांग? राजवाड्यात जाऊन गंजिफा बघ, म्हणजे हाताने रंगवलेले जुने खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, त्यात राजा आणि प्रधान ही दोन चित्रांची आणि बाकी एक ते दहा. पानं गोल. म्हणजे मत्स्य अवतारात चिताऱ्याला एका छोट्या गोलात कधी एक मासा बसवायचाय, कधी चार, कधी सात, आणि खेळणाऱ्याला न मोजता कळलं पाहिजे की हे सत्ती आहे. सात ही जरा चकवणारी संख्या आहे, दोन सारख्या रांगांत बसत नाही. त्यांनी ती कशी बसवलीय, मासे कुठल्या दिशेला वळवलेत, मध्ये किती जागा सोडलीय, हे वहीत पेन्सिलीने उतरवून घे. मग घरी येऊन तोच प्रोजेक्ट कर, गोलात सात काहीतरी. सात रातांबे (कोकमाची फळं), सात बांगडे, काहीही. रंग दोनच. ओरिजिनल म्हणजे आभाळातून पडलेलं नव्हे गं, सात रातांबे बसवताना जे बारा रफ खराब होतील ना, त्यातून जे निघेल ते.

आणि ही कला जवळजवळ संपली होती बरं का, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून शिकून घेऊन ती परत उभी केली. राजघराण्यातली माणसं, पण शिकताना बसली असतील ती तुझ्यासारखीच, पहिल्या गोलापासून.

लेटरिंगचं तू काही विचारलं नाहीस, पण तिसऱ्या फोटोत दिसलं म्हणून सांगतो. अक्षरांमधलं अंतर तू पट्टीने मोजलंयस. मीही मोजलं होतं. फ्लेक्स यायच्या आधी आम्ही बोर्ड हाताने रंगवायचो, माझं पहिलं स्वतंत्र काम एका खानावळीचं, "शाकाहारी व मांसाहारी जेवण मिळेल". पट्टीने चौकोन आखले, प्रत्येक अक्षराला सारखी जागा, आणि सुरुवात केली. आता "र"ला जागा लागते किती आणि "श"ला किती? "शाकाहारी"मध्ये "र"च्या दोन्ही बाजूला बैल जाईल एवढी भगदाडं पडली आणि तरीही "जेवण"पर्यंत येताना बोर्ड संपला. "मिळेल" खाली कोपऱ्यात बारीक लिहिलं. मालक बघून म्हणाला, मिळेल पण उरलंसुरलं मिळेल असं वाटतंय. पैसे अर्धेच दिले. तेव्हापासून मी आधी अख्खी ओळ खडूने सैल हाताने लिहितो, लांब जाऊन बघतो, आणि अंतर डोळ्यांनी लावतो, दोन अक्षरांच्या मधल्या जागेत वाळू ओतली तर सगळीकडे सारखीच मावली पाहिजे असा अंदाज. शिरोरेघ शेवटी. आणि एकदा चिव्याच्या काठीचा बोरू तासून लिहून बघ, टोक तिरकं कापायचं, हाताचा कोन बदलायचा नाही, जाड-बारीक आपोआप पडतं, मग देवनागरीच्या उभ्या रेघा जाड का आणि काही वळणं बारीक का ते कोणी सांगावं लागत नाही.

मॉडेलचं काही मनावर घेऊ नकोस. कागद ओला, फेव्हिकॉल कच्चा, एसटीची गर्दी. पुढच्या वेळी घडी घालायच्या आधी कटरच्या उलट्या बाजूने रेघ ओढून घे, म्हणजे घडी कडक येते, कडक घडीलाच ताकद असते, गोंदाला नसते. आणि मॉडेल चपटं नेता येईल असं कर, वर्गात जाऊन उभं कर. कागदच पाहिजे असं म्हटलेलं नसेल तर नारळाच्या हिरांचं करून बघ, दोऱ्याने बांधून. अलिबागजवळ सासवन्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आहे, आता संग्रहालय, कधी तिकडे गेलीस तर अंगणातली म्हैस बघ. त्यांनी किती कामं साध्या सिमेंटमध्ये केलीत ते बघितलंस की मटेरियल महाग पाहिजे हे डोक्यातून जाईल.

आता आजीचा प्रश्न, चौकोन कशाला. हे फाउंडेशन नावाचं प्रकरण जगभर पसरलं त्यात मोठा वाटा जर्मनीतल्या वायमारला १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस शाळेचा. तिथे योहानेस इटेन म्हणून शिक्षक होते, त्यांनी नियम ठरवला की सुतारकाम, विणकाम, काय शिकायचं ते नंतर, आधी सगळ्यांनी सहा महिने एकत्र बसून रंग, आकार, पोत हेच करायचं. लोकांनी तेव्हाही हेच विचारलं असेल. पण आजीला बाउहाउस सांगू नकोस, तिला गणपतीच्या शाळेचं सांग, तिला लगेच कळेल. माझ्या मामाची गणपतीची शाळा होती, मी पहिली दोन वर्षं नुसता पॉलिश पेपरने मूर्ती घासत होतो, तिसऱ्या वर्षी सोवळ्याचा रंग, डोळ्यांची आखणी मामाने मला कधीच करू दिली नाही. वैतागायचो. पण सोंडेचं वळण, पोटाचा गोल, गुडघ्याची खोबण हे सगळं त्या घासण्यात बोटांना पाठ झालं, आजही डोळे मिटून काढतो. तुझे चौकोन म्हणजे तो पॉलिश पेपर आहे.

डिजिटल शीक की, नको कोण म्हणतंय, मी स्वतः अर्धी कामं कॉम्प्युटरवर करतो. पण टॅबमध्ये लेयर आणि अनडू असतं, म्हणून काय होतं की माणूस ठरवतच नाही, रंग फिरवत बसतो जोवर बरं दिसत नाही तोवर, आणि बरं का दिसलं ते विचारलं तर सांगता येत नाही. माझ्याकडे कामाला आलेल्या पोरांमध्ये हे रोज बघतो. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापून आला की मेलेला, आणि मग तोंड पाहण्यासारखं होतं. मे महिन्यापर्यंत हात कागदावर असू दे, मग घे टॅब.

वर्गातल्या त्या दोघींच्या शीट्स तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत हे खरं आहे, फोटोत दिसतंय, त्यांनी आधी क्लास केलेला असणार. स्वच्छता दोन महिन्यांत येते. तुझ्या वहीतली ती जेटीवरची झटपट स्केचेस मात्र मला आवडली, विशेषतः जाळं विणणारा म्हातारा, पाठ अगदी बरोबर वाकलीय. ती तू शेवटी टाकलीस, सॉरी म्हणून. ती पहिली टाकायची.

ब्रशचं विचारलं होतंस ते राहिलंच. गोल दोन आणि सहा नंबर, चपटा अर्धा इंची, सिंथेटिक चालेल, तीन बास. पाण्यात उभे ठेवू नकोस, टोकं वाकतात, गरम पाण्याने धुवू नकोस, आतला गोंद सुटून केस गळतात, साबण लावून बोटांनी टोक करून आडवे वाळव. आणि क्रिमझन वेंगुर्ल्यात नाही मिळाला तर कुडाळला स्टेशनरीच्या दुकानात विचार, सुटी बाटली मिळते, अख्खा सेट घ्यायला लावतील तर घेऊ नकोस.